त्यांनाच परत दाखवा

2000 साली सनद घेतली. तेव्हापासून संभाजीनगरच्या खंडपीठात आणि आसपासच्या न्यायालयांत वकिली करतो आहे. त्यातली एकोणीस वर्षं 'रिव्ह्यू' या शब्दाबद्दल माझं मत ठाम होतं: हरलेल्या पक्षकाराचा वेळकाढूपणा. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "ज्यानं निकाल दिला तोच तो फिरवील का? सरळ अपील करा." ते मत मी मागे घेतो आहे. त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच कुणी मोजली, हेही सांगायला हवं.

2011 साली पैठण तालुक्यातल्या एक बाई निकालाची नक्कल घेऊन आल्या. शेतीच्या वाटणीचा दावा. वाटणीपत्राचा नोंदणीकृत दस्त हजरच केलेला नाही, असं निकालपत्रात लिहिलेलं. दस्त तर फायलीत होता. त्याला निशाणी पडली होती, रोजनाम्यात नोंद होती. निकालाला वीस दिवसही झाले नव्हते. बाई म्हणाल्या, "साहेब, कागद तर फायलीतच हाय ना? मग त्यांनाच परत दाखवा की."

मी त्यांना समजावलं की मावशी, तसं होत नसतं. अपील दाखल केलं. सहा वर्षांनी त्याच दस्तावर निकाल त्यांच्या बाजूने लागला. ती सहा वर्षं त्यांची जमीन दुसऱ्यानेच कसली.

खरं तर मावशी म्हणत होत्या तोच कायदा होता. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 114 आणि आदेश 47 काढून पाहा. पूर्ण काळजी घेऊनही आधी हाती न आलेला महत्त्वाचा पुरावा, अभिलेखावर वरवर पाहताच दिसणारी चूक, किंवा तशाच तोडीचं पुरेसं कारण असेल, तर त्याच न्यायालयाकडे पुनर्विलोकन, म्हणजेच रिव्ह्यू, मागता येतं. अपील म्हणजे वरच्या न्यायालयाची पायरी. पुनरीक्षणात वरचं न्यायालय खालच्याने अधिकाराच्या मर्यादा पाळल्या का ते तपासतं. पुनर्विलोकनात मात्र त्याच न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा बघायचा. 27 ऑगस्ट 1981ला इथे खंडपीठ सुरू झालं, त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. वरची पायरी गरिबाला किती लांब पडते हे आमच्या भागाला वेगळं सांगायला नको. तरी मी मावशींना तिकडेच पाठवलं.

माझं मत बदललं ते 2019च्या मार्चमध्ये. नाशिकजवळ 5 जून 2003च्या रात्री पाच जणांची हत्या झाली होती. त्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2009 रोजी फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांना जन्मठेप दिली होती, तीही फाशीत बदलली. त्यांचे पुनर्विलोकन अर्जही फेटाळले गेले. तेव्हा असे अर्ज न्यायमूर्तींच्या दालनातच, वकिलाचं न ऐकता निकाली निघत. 2014 साली घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकनाची सुनावणी खुल्या न्यायालयात झाली पाहिजे. त्यामुळे हे दार पुन्हा उघडलं आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला.

तो निकाल मी एका बैठकीत वाचला, आणि मला पैठणच्या मावशी आठवल्या.

फौजदारी खटल्यात खालचं न्यायालय किंवा उच्च न्यायालय, सही झालेल्या निकालात लेखनातली किंवा हिशेबातली चूक सोडून काही बदलू शकत नाही. ती वाट फक्त सर्वोच्च न्यायालयात, अनुच्छेद 137खाली आहे. म्हणून तिथली सुनावणी मनापासून झाली पाहिजे, असं मला वाटतं. उलट, अपिलातलेच मुद्दे पुन्हा मांडायला रिव्ह्यू टाकणाऱ्यांना मी आजही परत पाठवतो. त्यांच्या गर्दीत खरी चूक दबून जाते.

वाचकांना एकच विनंती. निकाल विरुद्ध गेला तर आधी प्रमाणित नक्कल काढा आणि तुमच्या फायलीतल्या प्रत्येक निशाणीशी ताडून पाहा. पुनर्विलोकनाची मुदत निकालापासून 30 दिवसांची आहे, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. एकदा अपील दाखल केलं की ही वाट बंद होते, म्हणून वकिलाला आधीच विचारा.