बारा मिलिमीटरांचे भोक

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला की सामानाची यादी करावी लागते आणि विम्यासाठी प्रत्येक नगापुढे त्याची किंमत लिहावी लागते. या पत्राच्या बहुतेक वाचकांना ही यादी तोंडपाठ असेल. २०२१ साली आम्ही कलकत्त्यास आलो (आता कोलकाता म्हणावयाचे, २००१ पासून तसा नियमच आहे, पण आमची जीभ अजून जुन्या नकाशावरून हिंडते), तेव्हा कपाट, शिवणयंत्र, देव्हारा यांच्या किमती आम्ही भराभर लिहून टाकल्या आणि ‘गिटार, एक, जुनी’ या ओळीशी येऊन थांबलो. शेवटी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. हिशेब तपासण्यात ज्याची हयात गेली त्याने रकाना कोरा सोडावा, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे.

ही गिटार आमच्या दादांची. दादा आमच्याहून सोळा वर्षांनी मोठे. मिरजेस रेल्वेत फिटर होते. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तेथे भोपळे वाळत घातलेल्या गल्लीतून शाळेस जावे लागे, आणि कोणत्या घरात जवारी लावण्याचे काम चालले आहे हे रस्त्यातूनच कानाला कळे. अशा गावात १९७९ साली दादांनी नोकरी सोडून गोव्यास परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून गिटार विकत घेतली. वडिलांनी तिच्याकडे एकदाच पाहिले आणि विचारले, “हिचा भोपळा कुठाय?” त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

तिच्या घोडीवर तारा ज्या पट्टीवरून जातात ती मूळची प्लॅस्टिकची होती. वर्षभरात तिला चीर गेली. दादा शेजारच्या गल्लीतल्या तंबोरेवाल्याकडून हाडाचा एक तुकडा मागून घेऊन आले आणि दोन रविवार कानस घेऊन बसले. बारा वर्षांचे आम्ही समोर बसून ती पांढरी भुकटी फुंकीत होतो. तारा पुन्हा चढवल्या तेव्हा गिटारीचा आवाज पालटला होता. तो अधिक भरीव झाला आणि सुटलेला स्वर पूर्वीपेक्षा अंमळ जास्त वेळ घरात रेंगाळू लागला. आम्हांस जे चार सूर येतात ते त्याच पट्टीवरचे आहेत.

२०१८ साली दादांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, वाचा शाबूत राहिली. डावा हात मात्र परत आला नाही. गिटारीस तर डावाच हात आधी लागतो. त्या दिवाळीत त्यांनी ती आमच्याकडे पाठविली. पाठोपाठ त्यांच्या कानांनीही रजेचा अर्ज दिला. आता ते यंत्र लावतात. पण त्या यंत्राची बुद्धी बोलणे ऐकविण्यापुरती बेतलेली. लांब धरलेला स्वर ऐकला की त्यास वाटते, आपल्याच पोटात शिट्टी वाजत आहे. आणि ते तो स्वर दाबू पाहते. तेव्हा दादा संगीत ऐकावयाचे झाले की यंत्र काढून ठेवतात आणि मग त्यांस फारसे ऐकूच येत नाही.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. “यंदा गणपतीला तुझ्याकडे येतो. मंडळात वाजवतोस म्हणे. मला ऐकायचीय.”

आता मंडळातील आमच्या वादनाची खरी हकिकत सांगणे भाग आहे. गणेशोत्सवाच्या एका संध्याकाळी भावगीतांचा कार्यक्रम असतो, त्यात आम्ही गिटार घेऊन डाव्या बाजूस बसतो. समोर एक माइक उभा करतात. त्या माइकात तबला शिरतो, पेटी शिरते, निवेदिकेच्या बांगड्याही शिरतात. गिटार तेवढी शिरत नाही. आवाज वाढवावा तर कर्णा किंचाळतो. कार्यक्रमानंतर तिसऱ्या रांगेतील एका स्नेह्यांनी आमचे अभिनंदन केले होते: “हात छान फिरत होता हो तुमचा!” ज्यांचे कान धड आहेत त्यांची ही गत, तेथे दादांस काय ऐकू येणार? गिटारीच्या अंगातच पिकअप बसविल्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथील लालबाजाराच्या बाजूस, रवींद्र सरणीवर, वाद्यांच्या दुकानांची रांगच आहे. बंगालने गिटारीस पूर्वीच घरात घेतले. १९४० च्या दशकात ताऊ मो हा हवाईयन वादक सहकुटुंब याच शहरात राहत होता. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरविण्याची ती रीत येथे अशी रुजली की रवींद्रसंगीत वाजविणारी गिटार कित्येक घरांत तिच्यावरच वाजू लागली. याच आडव्या गिटारीवर बृजभूषण काब्रा यांनी राग उभे केले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आमच्या पिढीतील अनेकांच्या घरी होती. असो. आम्ही उभ्या रीतीचे वादक. त्या रांगेतील एका अंधाऱ्या दुकानात एक वृद्ध कारागीर भेटले. पिकअप म्हणताच त्यांनी विचारले, “दादा, कोणता?”

बंगालात रिक्षावाल्यापासून न्यायमूर्तीपर्यंत सारेच दादा असतात. तरी त्या क्षणी आम्ही दचकलो.

प्रकार अनेक आहेत. पहिला चुंबकाचा. मधल्या गोल तोंडात आडवी बसणारी ही पट्टी. तिच्यात चुंबक आणि भोवती बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार चुंबकापुढे थरथरली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. यास कोठे भोक पाडावे लागत नाही. दोन स्क्रू आवळले की काम झाले. आम्ही हर्षभरित होऊन तोच आधी लावून पाहिला. तारा वाजल्या, परंतु गिटार वाजली नाही. चुंबकास लाकडाशी कर्तव्य नाही, त्यास केवळ पोलाद कळते. जाड तारांवर गुंडाळलेले ब्रॉंझ त्याच्या लेखी नसल्यासारखेच. आणि दुसरी तार, जी उघडी पोलादी, ती पंगतीत मोठ्याने बोलणाऱ्या पाहुण्यासारखी सर्वांवर कुरघोडी करी. कारागिरांनी तिच्याखालचा स्क्रू खाली घेतला, तेव्हा ती वरमली. आवाज वाईट होता असे नाही. पण तो कोणत्याही गिटारीचा असू शकला असता, आणि दादा कोणतीही गिटार ऐकावयास येत नव्हते.

दुसरा प्रकार स्फटिकाचा. काही स्फटिक दाबले असता त्यांत विद्युत् प्रकटते, हे पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. स्वयंपाकघरात खटकन वाजून ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर याच तत्त्वावर चालतो. (दोघे भाऊ होते हे वाचून आम्हांस उगीचच बरे वाटले.) अशा पदार्थाची एक चिंचोळी पट्टी घोडीच्या खाचेत, हाडाच्या पट्टीखाली, घालतात, तारांचा दाब तिच्यावर पडतो आणि कंप विजेत उतरतो. कारखान्यातूनच पिकअप लावून येणाऱ्या अनेक गिटारींत हीच योजना असते. आवाज स्पष्ट, कर्णा सहसा किंचाळत नाही; मात्र जोराने छेडले की स्वराला किंचित बदकाचा घसा येतो. कारागिरांचे मत यालाच पडले. त्यांनी घोडीवर बोट ठेवून सांगितले, “खाली पट्टी आली की हे हाड तेवढे वर उचलले जाईल. म्हणून बुडाकडून तितके घासून काढायचे आणि तळ अगदी सपाट करायचा. नाहीतर एक तार मोठी, एक मुकी. शिवाय वायरसाठी खाचेत बारीक भोक.”

हाड घासावयाचे! आम्ही गिटार पेटीत ठेवली आणि घरी निघून आलो.

सौ.नी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “हाड घासायचे नसेल तर दुसरे काही असेलच ना? विचारून तर या.” बत्तीस वर्षे फायलींवर ‘पर्याय तपासावेत’ असे लिहीत आलो, ते घरात ऐकावे लागले.

पर्याय होता. त्याच जातीच्या तीन लहान चकत्या, नाण्याहून पातळ. त्या गिटारीच्या पोटात, वरच्या फळीस आतून, बरोबर घोडीच्या हाडाखाली चिकटवावयाच्या: पहिल्या-दुसऱ्या तारेच्या मध्ये एक, तिसरी-चौथीच्या मध्ये एक, पाचवी-सहावीच्या मध्ये एक. त्या तारेचा दाब मोजीत नाहीत, फळीचा कंप टिपतात. लाकूड बोलते ते त्या ऐकतात. हाडास स्पर्श नाही, पोटात बॅटरी नाही. फळीचे सारेच ऐकत असल्याने मोठ्या आवाजात घुमण्याची भीती थोडी अधिक; पण मंडळाचे सभागृह म्हणजे काही मैदान नव्हे. एकच गोष्ट चुकत नव्हती. आतली वायर बाहेर येण्यासाठी गिटारीच्या शेपटाशी, जेथे पट्टा अडकविण्याची काळी खुंटी असते तेथे, तिचे जुने भोक मोठे करून बारा मिलिमीटरांचे करावयाचे.

हे विचारल्याशिवाय करणे शक्य नव्हते. दादांस फोनवर जेमतेम ऐकू येते, म्हणून पत्र लिहिले. कित्येक वर्षांनी स्वहस्ते. हाड वाचते, खुंटी जाते, भोक पडते, असे तिन्ही मुद्दे क्रमाने मांडले आणि ‘आपली अनुमती असल्यास’ असा शेवट केला. पोस्टातून परत येईतो हे कार्यालयीन टिपण झाले आहे हे ध्यानात आले. उत्तर सहाव्या दिवशी आले ते फोनने, आणि दादा नेहमीप्रमाणे ओरडूनच बोलले.

“ड्रिलने पाडणार की रीमरने?”

आम्ही गप्प.

“ड्रिलला हो म्हणू नकोस. पाते धरते आणि कडेचे लाकूड उचकटते. शंकूसारखा रीमर असतो, तो हाताने फिरवायचा, दर फेऱ्याला बघायचं. आणि बाहेरून आधी कागदी टेप लाव. ऐकलंस?”

“हो दादा.”

“आणि ती खुंटी टाकू नकोस.”

कारागिरांनी रीमरच वापरला. आधी तारा सैल केल्या, मग दंतवैद्याच्या आरशासारखा एक आरसा आत घालून फळी न्याहाळली, बोटाने चाचपून धूळ पुसली. चकत्यांना घट्ट डिंकासारखा सुपरग्लू लावून एकेक जागी दाबून धरली. या कामात दुसरी संधी फारशी नसते, म्हणून त्या मिनिटांत दुकानात कोणी बोलले नाही. मग गिटार आडवी मांडीवर घेऊन त्यांनी खुंटी उपटली आणि रीमर टेकवला. आमचा चेहरा पाहून म्हणाले, “भय पाबेन ना, दादा.” रीमर फिरू लागला. तांबूस भुसा कागदावर पडू लागला आणि त्यास वास येत होता, पंचेचाळीस वर्षे बंद असलेल्या लाकडाचा. पावसाळ्यात मिरजेच्या घरातील फडताळ उघडले की येई तसलाच काहीसा. आम्ही दुकानाबाहेर जाऊन उभे राहिलो.

पायजम्यात नाडी ओवतात तशी एक तार बाहेरून आत घालून त्यांनी जॅक ओढून घेतला, नट आवळला. खुंटी आम्ही कार्यालयाच्या एका जुन्या पाकिटात घातली आणि वर तारीख लिहिली.

लगेच सर्व सुरळीत झाले असे कोणी समजू नये. मंडळाच्या यंत्रात वायर थेट खुपसली तेव्हा पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत असा आवाज आला, आणि आमच्या मनात कारागिरांविषयी नाही नाही ते विचार आले. दोष त्यांचा नव्हता. स्फटिकातून निघणारा संदेश फार नाजूक. पुढचे यंत्र किमान दहा लाख ओहमचा विरोध करणारे नसले तर ते त्याचा जीवच शोषून घेते आणि खर्ज आधी नाहीसा होतो. सर्वसाधारण यंत्राच्या दाराशी विरोध त्याहून फारच कमी असतो. मध्ये काड्यापेटीहून थोडी मोठी प्रीअँपची डबी बसविली आणि खर्ज परत आला. ही डबी आम्ही आधीच का घेतली नाही? सूचनापत्रकाच्या पहिल्याच पानावर ते लिहिले होते. सूचना वाचावयाच्या असतात हे आम्ही इतरांस सांगत आलो.

दादा गणपतीच्या आदल्या दिवशी आले. चहा झाल्यावर त्यांनी गिटार मागितली. उजव्या हाताचा अंगठा आधी हाडाच्या पट्टीवरून फिरविला. मग गिटार उभी करून शेपटाचे भोक पाहिले, कडेवरून नख फिरविले, एकदा उलटे, एकदा सुलटे. काही बोलले नाहीत. आम्ही पाकीट पुढे केले. त्यांनी खुंटी काढून पाहिली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

“लाव वायर.”

आम्ही लहान ध्वनिवर्धक त्यांच्या खुर्चीशी आणून ठेवला. त्यांनी कानातील यंत्र काढून सौ.च्या हाती दिले. गिटार मांडीवर घेतली आणि आमच्याकडे पाहिले. काय हवे आहे हे ध्यानात येण्यास आम्हांस क्षणभर लागला. मग खुर्चीच्या डाव्या हातास जमिनीवर बसून आम्ही गिटारीची मान धरली आणि पहिला सूरमेळ दाबला, त्यांनीच शिकविलेला. त्यांनी उजव्या हाताने तारा छेडल्या. आम्ही दुसरा दाबला. ते छेडीत गेले. आवाज खोलीभर होता. शेजाऱ्यांनी ऐकला असणार. आम्हांस त्यांचा चेहरा दिसत नव्हता, केवळ हात दिसत होता.

मध्येच तो थांबला.

“तिसरी तार उतरलीय,” दादा म्हणाले.

उतरली होती, थोडीशी. आम्ही खुंटी पिळली.