आईची विळी

पिंप्राळ्याचे घर विकले तेव्हा भावंडांनी भांडीकुंडी वाटून घेतली. आईची विळी माझ्या वाट्याला आली. खरे म्हणजे ती कोणालाच नको होती. पाते झिजून निम्मे झालेले. "भंगारात द्या की!" सौ. म्हणाली. माझे मन होईना.

त्याला कारण होते. आई दोन दिवाळ्या सांगत होती, "बाळ, येशील तेव्हा हिला धार लावून आण." मी कामानिमित्त जळगावला येई, पण परतीच्या गाडीच्या घाईत शेजारच्या पिंप्राळ्यास न जाताच निघे. तिसऱ्या दिवाळीला आई नव्हती.

परवा चिरंजीव विळी न्याहाळत म्हणाले, "बाबा, हे लोखंड कधी संपेल?"

"रोज झिजतेच आहे."

पदार्थविज्ञान शिकणारे चिरंजीव हसले. "झिजणं वेगळं. यातले प्रोटॉन मुळातूनच नाहीसे होतील का?"

मग त्यांनीच सांगितले. प्रोटॉनलाही मरण असावे, असा सिद्धान्त १९७४ साली पुढे आला. तो पारखण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह १९८० साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २३०० मीटर खोल, १४० टन लोखंड रचले. आकाशातून येणाऱ्या किरणांचा मारा खडकाने अडवावा म्हणून एवढे खोल. एका प्रोटॉनपाशी युगानुयुगे बसण्यापेक्षा असंख्य प्रोटॉनांपाशी काही वर्षे बसायचे, ही युक्ती. काही खुणा दिसल्या, आशा वाटली. पण इतरत्र झालेल्या मोठ्या प्रयोगांत दुजोरा मिळाला नाही. २००१ साली खाणच बंद झाली. जपानमध्ये ५०,००० टन पाण्यापाशी पहारा चालू आहे. प्रोटॉन मेल्याचा पुरावा अजून कोणाला मिळालेला नाही.

चिरंजीवांनी कागदावर हिशेब मांडला. सिद्धान्तात सांगितलेल्या मुख्य मार्गाने पाव किलोच्या पात्यातला एक कण जायचा, तर सरासरी सहा-सात कोटी वर्षे तरी हवीत.

"मग निम्मे पाते गेले कुठे?"

"धारवाल्याच्या ठिणग्यांत, गंजात, थोडं भाजीतून तुमच्या पोटात. गेलं, पण संपलं नाही."

दुसऱ्या दिवशी गल्लीत धारवाला आला. मी स्वतः विळी घेऊन खाली उतरलो. ठिणग्या उडाल्या, पाते आणखी थोडे झिजले. संध्याकाळी सौ.ने चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप केले. "छान चालते हो! उगीच भंगारात देत होते," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. लोखंडाला कोटी वर्षांची सवड होती, आईला नव्हती. हा हिशेब मात्र मला कोणी मांडून दाखवायला नको होता.