लिंबूटिंबू

शाळेच्या वाचनालयात माझ्याकडे सगळ्यांत जास्त येणारी तक्रार पुस्तकांबद्दल नसते. ‘बाई, ते मला खेळायला घेत नाहीत,’ ही असते. अशा मुलाच्या हाती काय द्यावं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सुरुवातीला मी तात्पर्य पाहून पुस्तक निवडायची. एकदा अडखळत बोलणाऱ्या तिसरीतल्या मुलाला तशाच मुलाची गोष्ट सगळ्यांदेखत दिली. मधल्या सुट्टीपर्यंत वर्ग त्याला गोष्टीतल्या मुलाच्या नावाने चिडवू लागला होता. औषधाची बाटलीच जणू मी भर वर्गात त्याच्या हातात ठेवली होती. नंतर महिनाभर तो वाचनालयाकडे फिरकला नाही.

तेव्हापासून पुस्तक निवडताना मी एकच पाहते : यातलं वेगळं मूल लिंबूटिंबू तर नाही ना? लिंबूटिंबू खेळात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला सगळे सांभाळून घेतात, धरत कुणीच नाही. पुष्कळ गोष्टींत हेच होतं. वर्गाला दया येते, नाहीतर ते मूल काही पराक्रम करतं आणि मगच त्याला जवळ घेतात. ज्याच्या हातून पराक्रम होणार नाही, त्याने कुठे जावं?

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ इथे खरं उतरतं. तोमोए शाळेत हातपाय आखूड राहिलेला ताकाहाशी आहे. मुख्याध्यापक कोबायाशी त्याला सवलत देत नाहीत, ते खेळच वेगळे रचतात. कापडी माशाच्या पोटातून सरपटत बाहेर पडायचं, तर लहान अंगच कामी येतं. ताकाहाशी शर्यतींत पहिला येतो, आणि बक्षीस म्हणून मिळतात भाज्या.

हे प्रकरण मी आता सगळ्या वर्गाला वाचून दाखवते, एकाही मुलाकडे रोखून न पाहता. तात्पर्य विचारत नाही.

परवा वाचन संपल्यावर लंगडीत तरबेज असलेल्या मुलीने विचारलं, ‘‘बाई, लंगडीत असं काय करता येईल?’’ मी उत्तर दिलं नाही. मैदान लहान करायचं की गडी वाढवायचे, यावर मुलांची जुंपली. रोज पायरीवर बसून राहणारी मुलगीही तावातावाने बोलत होती. तिचं म्हणणं दोघांनी खोडून काढलं, तिनेही त्यांना सोडलं नाही. सुट्टी संपली, खेळ राहूनच गेला.

मला मात्र समाधान वाटलं. लिंबूटिंबूशी कुणी भांडत नसतं.