फरशीवरच्या काळ्या रेषा

आमच्या स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये पांढऱ्या टाइल्स आहेत. घर घेतलं तेव्हा मीच हौसेने निवडल्या होत्या. आठ वर्षांत टाइल्स तशाच राहिल्या, पण दोन टाइल्समधल्या रेषा मात्र काळ्या पडत गेल्या. पाहुणे आले की माझं अर्धं लक्ष त्या रेषांकडेच असायचं.

गेल्या वर्षी गणपतीला चार दिवस उरले होते. कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात मी अ‍ॅसिडची बाटली दिली आणि म्हटलं, "मावशी, आज बाथरूमच्या रेषा पांढऱ्या झाल्याच पाहिजेत." सकाळी तिथे मी ब्लीच टाकून ठेवलं होतं, ते सांगायचं मात्र विसरले.

पाच मिनिटांत खोकल्याचा आवाज आला. धावत गेले तर मावशी भिंतीला धरून उभ्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांना बाहेर आणलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तसंच दवाखान्यात नेलं. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत मावशींना बरं वाटलं. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "ताई, असं होतंच. दुसऱ्या घरीपण डोळे झोंबतात. पदर बांधते ना मी तोंडाला."

मला पुढे बोलताच आलं नाही. इतकी वर्षं अ‍ॅसिड मीच आणून देत होते आणि बघत होते फक्त फरशीकडे.

गंमत म्हणजे त्या रेषा दिवाळीपर्यंत पुन्हा काळ्या झाल्या, आधीपेक्षाही जास्त. शेवटी फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी नखाने रेष खरवडली तर भुगा निघाला. ते म्हणाले, "ताई, टाइल्सच्या फटीत भरलेलं हे सिमेंटच आहे. अ‍ॅसिड टाकल्यावर फसफसतं ना, तेव्हा मळाबरोबर हे सिमेंटही विरघळतं. मग बारीक छिद्रं पडतात आणि त्यात आणखी मळ बसतो." म्हणजे मी पैसे देऊन फरशी खराब करून घेत होते! रोज व्हिनेगर वापरलं तरी असंच हळूहळू होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

मिस्त्रींनी भुगा झालेल्या फटी खरवडून पुन्हा भरून दिल्या. बाकीच्या मी एका रविवारी स्वतः साफ केल्या. खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून घट्टसर पेस्ट केली, रेषांवर लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. मग साध्या पाण्याने दोनदा पुसलं. गुडघ्याखाली उशी घेऊनही कंबर धरली. तेव्हा कळलं, मावशी हे रोज चार घरी करतात.

नवीन भरलेल्या फटी पक्क्या होऊन पूर्ण वाळू दिल्या, मग सगळीकडे सीलर लावलं. हे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. खिडकी उघडी ठेवून बारीक ब्रशने फक्त रेषांवर लावायचं आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसायचं, नाहीतर डाग राहतो. नंतर डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही. आम्ही तो दिवस दुसऱ्या बाथरूमवर भागवला.

सीलरची गरज आहे का, हे बघणं सोपं आहे. कोरड्या रेषेवर पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब तसाच गोल राहिला तर काळजी नाही. पाणी शोषलं जाऊन रेष गडद झाली, तर सीलर लावायची वेळ झाली. फटींमध्ये इपॉक्सी भरलेलं असेल तर त्याची गरजच नसते.

आता आमच्या घरात अ‍ॅसिड येत नाही. ब्लीच कधी वापरलंच तर एकटं, खिडकी उघडी ठेवून आणि रबरी हातमोजे घालून. मावशींसाठी हातमोज्यांचा वेगळा जोड आहे. त्यांनी बाकीच्या घरीही सांगून टाकलं, "मी अ‍ॅसिडला हात लावणार नाही." दोन घरांनी ऐकलं. एका घराने ऐकलं नाही, ते काम त्यांनी सोडलं. त्या वेळेत त्या आता आमच्या शेजाऱ्यांकडे पोळ्या करतात.

सिंकखालच्या कोपऱ्यातली एक रेष अजून काळपटच आहे. या गणपतीत सासूबाईंनी ती दाखवलीसुद्धा. मी म्हटलं, "असू दे आई, तिच्यापायी कुणाला खोकला तरी नाही झाला."