आरामखुर्चीला दोन चाकं

आमच्या मशिदीत रांगेच्या कडेला प्लॅस्टिकच्या चार-पाच खुर्च्या ठेवलेल्या असतात. ज्यांना सजद्यात जाता येत नाही त्यांनी तिथे बसून नमाज अदा करायची. मी त्या खुर्च्यांकडे कायम म्हाताऱ्यांची जागा म्हणून बघत आलो. दोन वर्षांपूर्वी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यातली एक माझी झाली. कमरेतली चकती सरकली होती. गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं मान खाली घालून प्रुफं तपासल्याचं ते बक्षीस.

डॉक्टरांनी वाकणं बंद केलं, वजन उचलणं बंद केलं आणि जाता जाता विचारलं, "सायकल वगैरे चालवत नाही ना?"

चालवत होतो. लालबाग ते गिरगाव आणि परत, बहुतेक दिवस. सायकल माझी नव्हती, अब्बांची होती. काळी, चोवीस इंची, दांड्याची. अब्बा गिरणीत साचेखात्यात होते, दोन साचे सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. अब्बाही नाहीत. सहा महिने वाट बघून त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर लाकडी खोका बांधला आणि बेकरीतून लादीपाव उचलून काळाचौकी, लालबाग, चिंचपोकळी करायला लागले. पहाटे चारला निघायचे. आम्हा तिघा भावंडांची शाळा त्या कॅरिअरवर झाली असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

त्याच सायकलवर दांड्याखालच्या त्रिकोणातून पाय घालून मी चालवायला शिकलो. अब्बा गेल्यावर ती माझ्याकडे आली. आता तिच्यावर टांग टाकायची म्हटलं की कमरेतून कळ थेट पोटरीपर्यंत उतरायची. सायकल गॅलरीत उभी राहिली. अम्मी तिच्या हँडलवर पंचे वाळत घालायला लागली.

आडवी सायकल मी आधी फक्त मोबाईलवर पाहिली होती. रिकम्बंट म्हणतात तिला. माणूस खुर्चीत रेलून बसतो, पाय समोर लांब करतो, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे. दिसायला हास्यास्पद. पण तिची कुळकथा वाचली आणि मला तिच्याविषयी आपुलकी वाटायला लागली. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाचा दुसऱ्या फळीतला स्पर्धक शार्ल मोशेने बनवलेल्या अशाच सायकलवर बसला आणि एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. आधीचा विक्रम ऑस्कर एगचा, ४४.२४७ किलोमीटर, १९१४ पासून कुणी मोडला नव्हता. रेलून बसलेल्या माणसाला वारा कमी अडवतो, एवढंच त्यातलं रहस्य. पुढच्या वर्षी यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकल कशाला म्हणायचं याची व्याख्या अशी केली की ही सायकल तिच्यात बसेचना. शर्यतीतून बाद. सगळ्यांत जास्त वेगाने गेली आणि मग 'ही आपल्यातली नाहीच' असं ठरलं. या प्रकारच्या युक्तिवादाशी माझी जुनी ओळख आहे, पण तो विषय आज नको.

परदेशी बनावटीची घ्यायची तर किंमत माझ्या कुवतीबाहेर. मग शाळेतला एक मित्र आठवला. त्याचं लालबागमध्ये वेल्डिंगचं दुकान आहे. गणपतीच्या आधी तीन-चार महिने त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मूर्त्यांच्या आतले लोखंडी सांगाडे, ट्रॉल्या, मंडपाची कमान, सगळं तो करतो. वीस फुटी गणपती ज्याच्या ट्रॉलीवर उभा राहतो त्याला माझे सत्तर किलो जड नव्हते. त्याने मोबाईलवरचे फोटो पाहिले, नखाने पडद्यावर रेघा मारल्या आणि म्हणाला, "होईल. मागचा त्रिकोण तयार मिळाला पाहिजे पण. जुनी सायकल आहे का एखादी? लोखंड चांगलं हवं, आताचं नको."

मी नाही म्हणालो.

"तुझ्या अब्बांची आहे की."

मी पुन्हा नाही म्हणालो आणि घरी आलो. जेवताना अम्मीला सहज सांगितलं, बघ काय वेडा आहे. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "त्यांनी गिरणीचं घड्याळ विकून खोका केला होता ना त्या सायकलला? मग?" हे घड्याळाचं मला माहीतच नव्हतं. चाळीस वर्षांत तिने सांगितलं नव्हतं.

कापताना मी दुकानात थांबलो नाही. कटरचा आवाज मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत आला.

मागचा अर्धा भाग अब्बांच्या सायकलचा. मागचा चिमटा त्याने जॅक लावून फाकवला, कारण सहा गिअरचं फ्रीव्हील बसवायचं होतं. मधे नवा जाड पाईप, पुढे लहान मुलांच्या सायकलचं वीस इंची चाक, आणि त्याच्याही पुढे पाईपच्या टोकाला पायडल. चेन एवढी लांब की काळबादेवीच्या सायकलबाजारातून आणलेल्या तीन चेन जोडल्या तेव्हा कुठे अर्धी उरली. बसायला पाईपची चौकट वाकवली आणि तिला फोल्डिंगच्या खुर्चीसारखी नायलॉनची नवार. ती नवार अम्मीने ओढून दिली. मित्राच्या पोराने आधी विणली होती, तिने हात लावून बघितला आणि सगळी उसवली. "यात माणूस बसणार की पापड वाळत घालणार?" असं काहीसं म्हणाली. वजन बावीस किलो भरलं.

पहिल्या दिवशी ती मित्राच्या टेम्पोत घालून आम्ही फाईव्ह गार्डनला नेली. फजरनंतरची वेळ, रस्ते रिकामे, झाडं मोठी. दादर पारसी कॉलनीतले आजी-आजोबा फिरायला बाहेर पडलेले. मी बसलो. पाय उचलून पायडलवर ठेवले आणि लक्षात आलं की चाळीस वर्षांची विद्या इथे शून्य आहे. साध्या सायकलवर आपण तोल कमरेने, खांद्याने सांभाळतो, ते आपल्याला माहीतही नसतं. इथे पाठ खुर्चीला टेकलेली, त्यामुळे अंग हलवायला जागाच नाही. सगळं हँडलवर. आणि हँडल घाबरून घट्ट धरलं की सायकल सापासारखी चालते. दोन वेळा फुटपाथला धडकलो, एकदा आडवा झालो. आडवा म्हणजे काय, होतोच आडवा. जमीन दीड फुटावर होती. कोपर सोलवटलं, कमरेला काही कळलंही नाही.

एक पारसी म्हातारे थांबून बघत होते. "डीकरा, आ शूं छे?" मी म्हणालो, सायकल. ते नुसते हसले. पुढची फेरी मारून आले तेव्हा सल्ला दिला, आणि तो कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगला होता: पायांकडे बघू नकोस, झाडांकडे बघ.

झाडांकडे बघितलं. पहिलं पायडल जोरात मारलं, बोटं सैल सोडली, आणि ती गेली. सरळ गेली. खुर्ची आपोआप पुढे सरकते आहे आणि आपण आत बसलो आहोत, असं काहीतरी. डोक्यावर झाडांचा मांडव मागे जात होता. एवढी वर्षं सायकल चालवताना मी रस्ता पाहिला, खड्डे पाहिले, पुढच्या टॅक्सीचा बंपर पाहिला. झाडं वरून कशी दिसतात—म्हणजे खालून—ते पाहिलं नव्हतं. मान दुखत नव्हती, मनगटं दुखत नव्हती. पाऊण तास चालवली. घरी येऊन दुसरंच काही दुखायला लागलं, मांडीच्या पुढचा, गुडघ्याच्या वरचा भाग. तिथे स्नायू असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

डॉ. आंबेडकर रोडवर तिला आणायला तीन आठवडे गेले. भीती वेगाची नव्हती, उंचीची होती. माझं डोकं बेस्टच्या चाकाच्या पातळीवर येत होतं आणि ट्रकचा धूर थेट तोंडावर. मागे वळून बघता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना आरसे लावले. आणि लोकांना आपण दिसावं म्हणून मागे उंच काठी आणि तिला झेंडा.

झेंड्याचा रंग कोणता, यावर मित्राच्या दुकानात अख्खी संध्याकाळ गेली. अशा सायकलींना बाहेर सहसा भडक नारिंगी झेंडा लावतात, तो लांबून दिसतो. पण लालबागमध्ये नारिंगी लांबून भगवाच दिसणार, आणि तो माझ्या सायकलवर दिसला की दोन्हीकडच्या लोकांना स्पष्टीकरण द्यावं लागणार. हिरवा तर बोलूच नका. निळ्याचा अर्थ वेगळा. मित्र म्हणाला, लाल लाव, तुझ्या अब्बांचा होता. हा लालबाग-परळचा पट्टा एके काळी लाल बावट्याचाच, पण आता लाल लावला तर लोकांना वाटेल मागे सळया लादल्यात. पांढरा म्हणजे शरण आलो. एका माणसाला बसखाली न येण्यासाठी वीतभर कापड हवं होतं आणि सगळ्या रंगांवर आधीच कुणीतरी बसलेलं. शेवटी रस्त्याचं काम करणाऱ्यांच्या जुन्या जॅकेटची पोपटी-पिवळी चकाकणारी पट्टी कापून बांधली. आता मला लोक महापालिकेचा माणूस समजतात. एका बाईंनी गटाराची तक्रार केली.

बाकी प्रश्न रोजचे. कितीला पडली? मोटर कुठाय? पाय गेलेत का? भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला एक टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, "काका, तिरडीवर स्वतःच पायडल मारत चाललात?" मी म्हणालो, "आमच्यात जनाजा म्हणतात." तो इतका हसला की सिग्नल सुटला तरी गिअर टाकायचा विसरला आणि मागचे सगळे हॉर्न मारायला लागले.

दोष सांगितले पाहिजेत. खड्डा आला की साध्या सायकलवर आपण बूड उचलतो. इथे उचलता येत नाही, खड्डा अख्ख्या पाठीला बसतो. अम्मीची नवार बराचसा धक्का गिळते, पण सगळा नाही. मुंबईतल्या पावसाळ्यात ही सायकल मी बाहेर काढणार नाही. हिंदमाताला पाणी भरलं तर मी टबात बसल्यासारखा दिसेन. वाऱ्याचा तो फायदा माझ्या वेगाला लागूच होत नाही, मी सायकलवरच्या भाजीवाल्याच्याही मागे असतो. डॉक्टरांनी फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि दुखलं तर थांबा एवढंच म्हणाले.

आणि चढ. चिंचपोकळीचा पूल. गिरगावला जायचं तर माझ्या वाटेवर पहिला तोच. अब्बा खोका भरलेला असला की पायडलवर उभे राहायचे, अंगाचं सगळं वजन एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मी खोक्याला मागून धरून पळायचो. या सायकलवर उभं राहणं नाही. सगळ्यांत हलका गिअर टाकायचा आणि पाय भराभर फिरवत राहायचं, सायकल मात्र मुंगीसारखी चढते. वेग कमी झाला की तोल जातो. पहिल्या दिवशी अर्ध्यावर उतरलो आणि ढकलत नेली. एक हातगाडीवाला माझ्या पुढे निघून गेला. पाचव्या की सहाव्या प्रयत्नात न उतरता वर पोचलो. मागच्या चाकातून तोच जुना, कट्-कट् असा आवाज येत होता, ॲक्सलजवळचा, जो अब्बांना कधी घालवता आला नाही. मित्रानेही तो काढला नव्हता.

मागच्या रविवारी पहाटे गिरगाव चौपाटीला गेलो, तिथून मरीन ड्राइव्हने नरिमन पॉइंटपर्यंत. सपाट रस्ता, हिच्यासाठीच बांधल्यासारखा. मात्र एवढ्या खालून समुद्र फारसा दिसत नाही. कठडा दिसतो, कठड्यावर बसलेल्या माणसांच्या पाठी दिसतात, आणि त्यांच्या मधून कधीतरी पाण्याची बारीक पट्टी. बाकी सगळं आभाळ. येताना सातरस्त्यापासून उन्हं डोळ्यांवर घेत आलो. तेवढ्यासाठी टोपी घ्यायला हवी.

घरी पोचलो तेव्हा अम्मी खाली उतरली होती, दुधासाठी. मला म्हणाली, उतर. मी उतरलो. तिने पदर खोचला आणि पोराटोरांसमोर, शहाहत्तराव्या वर्षी, हळूहळू खुर्चीत बसली. मी आणि शेजारचा मुलगा दोन्ही बाजूंनी धरून उभे. पाय पायडलला पोचत नव्हते. तिने नवार दाबून बघितली, कुठे सैल झालीय ते मला दाखवलं, दोन्ही आरशांत स्वतःला बघितलं. मग हँडल चाचपलं.

"हिला घंटी नाही?"

घंटी अब्बांच्या अर्ध्या सायकलला आहे. पुढचा तो भाग, हँडल आणि चिमटा, अजून गॅलरीत खिळ्याला टांगलेला आहे. घंटी काढली, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवली, वाजते. पण तिचा पट्टा नव्या पाईपला पुरत नाही, पाईप जाड आहे. मित्र म्हणतो गणपती झाले की करून देतो.