दिघ्याला धाडलेली पत्रं

मुंबई विमानतळ, रात्री पावणेबारा

अहो,

गेटजवळ बसलेय. ऐरोलीच्या पुलावर गर्दी लागली नाही, म्हणून लवकर पोचलो. धाकट्याला त्यावरून बोलू नका, त्याने काळजीपोटीच घाई केली. डोळ्यात थेंब घातले का? पाणी आलं नसेल तर मोरीतला निळा पिंप भरून ठेवलाय.

काउंटरवरची मुलगी फार तुसडेपणाने वागली. तिकिटावर दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो, असं स्वच्छ छापलंय. तरी एकच जाईल म्हणून अडून बसली. धाकट्याने कागद पुढे केला तेव्हा मान वर न करता पट्टी चिकटवली आणि वर म्हणते, ‘आजी, लवकर!’ अजून डोकं तापलेलं आहे माझं. तुम्ही याल तेव्हा तिकीट छापून हातात ठेवा, मोबाइलवर शोधत बसू नका.

माझ्या या प्रीमियम इकॉनॉमी वर्गाची रांग वेगळी होती, ते मात्र बरं. गुडघ्यांना उभं राहावं लागलं नाही. लाउंज आपल्याला नाही, ते बिझनेसवाल्यांना. म्हणून बाहेर चहा घेतला. कागदाच्या पेल्यात, आलं नाही, वेलची नाही, आणि एवढ्या पैशांत आपल्या नाक्यावर पाच-सहा जणांचा चहा झाला असता. भिंतींवरची चित्रं, मूर्ती चालता चालता पाहिल्या. आता विमानात चढायला बोलावतायत.

विमानात, सगळे झोपलेत

झोप नाही, म्हणून लिहितेय. सीटचं नीट सांगते, कारण जानेवारीत तुम्हाला यायचंय आणि ‘कशाला एवढे पैसे’ म्हणून तुमचा हट्ट चालू आहे.

माझ्या पुढ्यात 38 इंच जागा आहे. मागच्या साध्या वर्गात ती 31 च्या आसपास असते. तिथे एका ओळीत दहा माणसं, आमच्यात आठ. त्यामुळे शेजारच्याचं कोपर लागत नाही. पाठ बरीच मागे जाते, पिंढरीखाली आधार वर येतो. पण आडवं होता येत नाही, हे पक्कं समजा. पलंगासारखं निजायचं तर बिझनेसच. मी बसून डुलक्या काढल्या, पण गुडघा आखडला नाही. अकोल्याच्या बसमध्ये काय झालं होतं ते आठवा!

धाकट्याने कडेची सीट घेतली ते उत्तम केलं. कुणाला न उठवता मी दर तासाला फेरी मारते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. सगळ्यात पुढची ओळ मात्र घेऊ नका. तिथे ताटाची फळी हाताच्या दांड्यात असते, म्हणून दांडा जाड आणि वर न होणारा. पर्सही पायाशी ठेवू देत नाहीत, वर टाकावी लागते. तुमच्या गोळ्या, थेंब पायाशीच हवेत. हवा इतकी कोरडी आहे की माझेच डोळे चुरचुरतायत. तुमच्या डॉक्टरांना हे आधी विचारा.

जेवण चिनीमातीच्या ताटलीत, काटे-चमचे धातूचे. पनीर, भात, डाळ. डाळ गार आणि गोडसर, मेथीच्या लाडवाने तोंड सुधारलं. आता महत्त्वाचं. तुम्ही माळकरी, म्हणून धाकटा ‘हिंदू मील’ लिहून देईल. तसं लिहू देऊ नका. त्यात गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मासे येऊ शकतात. माझ्यापुढच्या काकांना कोंबडी आली, बिचारे पाव खाऊन राहिले. ‘एशियन व्हेजिटेरियन’ असं लिहायला हवं, तेही निदान एक दिवस आधी.

थंडी फार. पांघरूण देतात, तरी तुमची कानटोपी आणि लोकरी मोजे हाताशी ठेवा.

लंडन, रविवार

लेकीकडे पोचले. इथे चार वाजता काळोख होतो. तुम्ही तिथे हरिपाठ म्हणत असता तेव्हा आमची दुपार असते, साडेपाच तासांचा फरक. आपली नात चिंगी माझ्याशी इंग्रजीतच बोलते, याने जीव तुटतो. जानेवारीत तुम्ही रोज संध्याकाळी तिला घेऊन बसा.

बिग बेन, राजवाडा पाहिला. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात नेलं, 1932 सालचं आहे म्हणे. तिथे मराठी कानावर पडलं आणि डोळे भरून आले.

जावई सांगत होते, हा मधला वर्ग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तैवानच्या इव्हा एअरने आणि इथल्या व्हर्जिनने काढला. आपल्याकडे आणला विस्तारा कंपनीने. त्यांचं म्हणणं, येताना रात्र बसून काढायची म्हणून ही सीट घ्यावी, परतीला दिवसाचं विमान असेल तर साधीही चालेल. मला ते पटत नाही. गुडघ्याला दिवस काय आणि रात्र काय!

पैसे दीडपटीच्या वर जातात, खरं आहे. पण ते तुमच्याच प्रॉव्हिडंट फंडातले आहेत, आयुष्यभर मुकंद कंपनीच्या पाळ्या करून साठवलेले. ते तुमच्या पायांवर खर्च होऊ देत. परतीला दोघं असू, तेव्हा खिडकीकडची दोघांची जोडी मिळते का पाहायला सांगा. धाकटा रविवारी घरी असतो, त्याच्याकडून याच वर्गाचं तिकीट काढून घ्या आणि जेवणाचं त्याच बैठकीत लिहून द्या.