गाडीची उजवी बाजू

मुलांनो, वर्गात बाईंचंही चुकतं का? चुकतं. माझं कसं चुकलं ते आज सांगते.

आमच्या चौथीच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास गोष्टींचा. एका शनिवारी मी पोरांना चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीची गोष्ट सांगितली. १३ मार्च २००४ रोजी अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात ही शर्यत झाली. गाडीत माणूस नाही, लांबून रिमोटने चालवायलाही बंदी. कुठून कुठून जायचं त्याची यादी दोन तास आधी मिळणार. वाटेतले खड्डे-दगड गाडीने स्वतःच ओळखायचे. वाट सुमारे २२८ किलोमीटर, बक्षीस दहा लाख डॉलर! पंधरा गाड्या उतरल्या. सगळ्यांत लांब गेलेली गाडी जेमतेम बारा किलोमीटर गेली आणि एका वळणावर बांधावर चढून अडकली. बक्षीस कुणालाच नाही.

पोरं खो खो हसली. “मग बाई, परत झाली का शर्यत?”

झाली ना. ८ ऑक्टोबर २००५ ला. या वेळी पाच गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. पहिली आली स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅन्ली’. टपावर लेसरची यंत्रं आणि कॅमेरा लावलेली ही निळी गाडी सुमारे २१२ किलोमीटर ६ तास ५३ मिनिटांत धावली.

झालं! पोरांना शर्यत हवी. मग आम्ही बाकं कडेला सरकवली, खडूने जमिनीवर आठ बाय आठ घरं आखली. दप्तरं म्हणजे दगड. एक मूल गाडी, डोळ्यांवर रुमाल. दुसरं मूल गाडीचा मेंदू. मेंदूने सगळ्या सूचना आधीच चिठ्ठीवर लिहायच्या: पुढे ३, डावीकडे वळ, पुढे २. गाडी सुटली की एक अक्षर बदलायचं नाही. दप्तराला पाय लागला की गाडी बाद. चिठ्ठी आधी बाईंनी तपासायची. हा शेवटचा नियम माझा, आणि तिथेच घोळ झाला.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. नाव नाही सांगत, तिला आवडणार नाही. ती फारशी बोलत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच हात वर करून म्हणाली, “बाई, मी मेंदू होऊ?” गाडी मागच्या भिंतीपासून फळ्याकडे येणार होती. मी फळ्याजवळ उभी. तिची चिठ्ठी वाचली. तिसरी ओळ, ‘उजवीकडे वळ’. मी समोर पाहिलं. वाट तर डावीकडे जात होती! लाल पेनाने खोडून मी ‘डावीकडे’ केलं.

ती हळूच म्हणाली, “बाई, गाडीची उजवी...”

“बस खाली,” मी म्हटलं.

गाडी सुटली, वळली आणि थेट दप्तरावर. तिच्या गटातली मुलं तिच्यावरच ओरडली. तेवढ्यात घंटा झाली. ती खाली मान घालून दप्तर भरत राहिली.

रात्री ओट्यापाशी गॅस पेटवताना काडेपेटी हातात होती. सहज ओट्यावर माझ्याकडे तोंड करून सरकवली, वळवली आणि हात तिथेच थांबला. माझ्याकडे येणाऱ्या गाडीची उजवी म्हणजे माझी डावी! पोरगी गाडीत बसून विचार करत होती आणि मी फळ्याजवळ उभी राहून. झोप काही नीट लागली नाही.

सोमवारी वर्गासमोर सांगितलं, “चिठ्ठी बरोबर होती. चूक माझी.” वर्ग एकदम गप्प. तीच चिठ्ठी, तीच गाडी, दप्तरं तिथेच. गाडी अलगद फळ्यापर्यंत आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र उठून गाडी झालेल्या मुलाजवळ गेली आणि आपल्या वेणीची लाल रिबीन सोडून त्याच्या उजव्या मनगटाला बांधली. “आता बाईंना पण कळेल,” म्हणाली. सगळे हसले, मीसुद्धा.

तेव्हापासून तपासणी बंद. चुकली चिठ्ठी तर गाडीच सांगते. आता गाडीच्या हातात फूटपट्टी असते आणि चिठ्ठीत ‘जर’ आला आहे: ‘जर पट्टी दप्तराला लागली तर डावीकडे वळ.’

गेल्या आठवड्यात तिने मला एक कोडं घातलं. तुम्हीही सोडवा. गाडीचं तोंड उत्तरेला. पुढे २, उजवीकडे वळ, पुढे ३, उजवीकडे वळ, पुढे २. आता फक्त तीन ओळी लिहून गाडी पहिल्या घरात, पुन्हा उत्तरेला तोंड करून उभी करायची. ‘डावीकडे’ हा शब्द मात्र वापरायचा नाही. मला काडेपेटी घ्यावी लागली.